डिचोलीचा रविवारचा हेरिटेज वॉक : पाचपैकी चार स्टार, आणि एक का कापला तेही लिहिलंय

आधी सांगून टाकते, मी गोव्यातल्या डिचोलीचीच. माहेर बोर्ड्याला, लग्न होऊन म्हापशाला आले त्याला सोळा वर्षं झाली, आणि इतकी वर्षं कुणी विचारलं की तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे तर मी मयेचं तळं सांगायचे आणि विषय बदलायचे. त्यामुळे मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर या वॉकचा मेसेज पाठवला तेव्हा मनात पहिलं हेच आलं की चार-पाच तास हे लोक दाखवणार तरी काय. बाबांना फोन केला तर ते पण म्हणाले, "आगो, दिवचलेंत पळोवपासारकें कितें आसा?" बाबांनी आयुष्यभर याच गावातनं खनिजाचा टिपर चालवला, त्यांना इथला एकेक खड्डा पाठ. तरी मी तिघांचं बुकिंग केलं, मी, बाबा आणि माझा बारा वर्षांचा मुलगा. आता जाऊन येऊन पंधरा दिवस झाले, डोक्यातनं जात नाहीय म्हणून सविस्तर लिहितेय, लांब झालंय, वेळ असेल तेव्हा वाचा.

माहिती पटकन देते. दर रविवारी सकाळी पावणेसातला डिचोली बसस्टँडवर जमायचं, माणशी ६०० रुपये, मुलांना अर्धे, त्यात नाश्ता आणि नंतरची गाडी धरून. बारापेक्षा जास्त माणसं घेत नाहीत. घेऊन जाणारे एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव टाकत नाही, सगळे त्यांना मास्तर म्हणतात तर मी पण मास्तरच म्हणते.

मास्तरांनी सुरुवात कुठून केली असेल? स्टँडवर उभ्या कदंबा बसवरनं, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसवरनं. बसवर सिंह असतो तो आपण रोज बघतो, लहानपणापासून बघत आलो, पण तो गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजांचा सिंह आहे आणि त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर तोच सिंह असायचा आणि सोबत सप्तकोटीश्वराचं नाव, की ज्याच्या वरप्रसादाने हे राज्य मिळालं, हे माझ्या मुलाला तिथे फुटपाथवर उभं राहून कळलं. आणि मास्तर म्हणाले, आज आपण या सिंहापासून निघतोय आणि दुपारपर्यंत त्या देवापाशी पोचतोय. पोरगं तिथून जे चिकटलं ते शेवटपर्यंत त्यांच्या पुढेच चालत होतं.

मग गावाच्या नावावरनं. मराठीत डिचोली, कोंकणीत दिवचल, इंग्रजी पाटीवर बिचोलिम, जे पोर्तुगीजांच्या तोंडातलं. आणि डिचोली-साखळीचा हा सगळा मुलूख जुन्या काळात भतग्राम म्हणून ओळखला जायचा. बंदरवाडा हे नाव मी हजार वेळा घेतलं असेल, त्यात बंदर आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. नदीतनं होड्या इथपर्यंत यायच्या, मांडवीतनं आत. आज ती नदी बघितली तर पटत नाही, गाळाने भरलीय आणि पावसात थोडं जास्त पाणी आलं की बाजारात शिरतं, पण नाव अजून वाड्याला चिकटून आहे. सुंदरपेठेतही मास्तर थांबले, म्हणाले पेठ हा शब्द कुठल्याही खेड्याला उगाच मिळत नाही, घाटावरचा माल आणि बंदरातला माल जिथे भेटतो तिथे पेठ होते.

आता नमाजगाह. हे लिहायला मी थांबले होते. बाजारापासून चालत जाता येतं अशा टेकडीवर आहे, राज्य सरकारचं संरक्षित स्मारक, आणि मी खरंच सांगते, मी तिथे कधीच गेले नव्हते. नमाजगाह म्हणजे छपराची मशीद नव्हे, उघड्यावर मोठ्या जमावाने नमाज पढायची जागा, पश्चिमेच्या अंगाला भिंत. ती औरंगजेबाच्या मुलाने, शहजादा अकबराने, १६८३ मध्ये बांधली असं सांगतात. हा अकबर म्हणजे बादशहा अकबर नव्हे, त्याचा खापरपणतू, आणि १६८१ मध्ये बापाविरुद्ध बंड करून तो दक्षिणेत संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. सोबत दुर्गादास राठोड, मारवाडचा. विचार करा, दिल्लीच्या तख्तावर दावा सांगणारा शहजादा आणि राजस्थानातला राठोड सरदार आपल्या डिचोलीत राहून गेले, आणि आम्हाला शाळेत त्यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही.

मास्तरांनी तिथे वर बसवून १६८३ चं सगळं साल समजावलं, नकाशा वगैरे काही नाही, हातातली काठी आणि माती. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला, संभाजी महाराजांनी त्याला तिथनं पिटाळलं, आणि नोव्हेंबरात जुवें बेट घेतलं, म्हणजे आज ज्याला सांत इस्तेव्ह म्हणतात ते, जुन्या गोव्याच्या दारातच म्हणायचं. आणि मग १६८४ च्या सुरुवातीला औरंगजेबाचा दुसरा मुलगा शाहआलम फौज घेऊन रामघाटानं खाली उतरला आणि त्याने डिचोली उद्ध्वस्त केली. म्हणजे एक भाऊ इथे राहिला आणि दुसऱ्या भावाने येऊन ते गाव मोडलं. शाहआलमच्या फौजेचे पण पुढे उपासमारीने नि रोगराईने हाल झाले आणि त्याला घाट चढून परत जावं लागलं. अकबर १६८७ मध्ये समुद्रमार्गे इराणकडे निघून गेला तो परत आलाच नाही. टेकडीवरनं खाली बाजार दिसतो, गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात, आणि या सगळ्यातली आज उरलेली खूण म्हणजे ही एक जागा. बाबा नुसते भिंतीकडे बघत होते. ते म्हणाले मी रोज हेच्या पोंदच्यान वतालों. पोंदच्यान म्हणजे खालनं.

इथेच मास्तरांनी एक प्रश्न टाकला जो मी आता सगळ्यांना विचारत फिरतेय. डिचोलीच्या युद्धाबद्दल कुणी वाचलंय का? ग्रुपमधला पुण्याचा एक मुलगा म्हणाला हो, नेटवर कुठेतरी वाचलं होतं, १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात झालं ते. मास्तर हसले नाहीत, त्यांनी माझ्या मुलाला विचारलं, शिवाजी महाराजांचा जन्म कधीचा? १६३०. मग १६४० मध्ये महाराज केवढे? दहा वर्षांचे. आणि डिचोली तेव्हा कुणाकडे? विजापूरच्या आदिलशहाकडे. मग मराठ्यांचं राज्य कुठलं आणि फौज कुठली?

तर गोष्ट अशी की विकिपीडियावर २००७ मध्ये कुणीतरी या युद्धावर इंग्रजीत एक मोठा लेख टाकला, कारणं, लढाया, तह, खाली पुस्तकांची यादी, सगळं रीतसर. त्याला तिथला 'चांगला लेख' हा दर्जा पण मिळाला. पाच वर्षं तो तसाच राहिला, आणि २०१२ च्या शेवटी कुणीतरी ती पुस्तकं शोधायला गेलं तेव्हा कळलं की पुस्तकंच अस्तित्वात नाहीत, युद्ध तर नाहीच. लेख काढून टाकला. कुणी लिहिला ते आजवर समजलेलं नाही. माझ्या मुलाने तिथेच मोबाइल काढून शोधलं आणि खरंच निघालं, जगातल्या मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी तेव्हा बातम्या दिल्या होत्या. मला हे ऐकून वाईट वाटलं, मनापासून वाईट. कारण गावात सुरस असं काही घडलंच नसतं तर एक वेळ ठीक, पण १६८३-८४ मध्ये जे खरोखर घडलं ते त्या बनावट युद्धापेक्षा कितीतरी थरारक, आणि जगभर आमचं नाव पोचलं ते न झालेल्या लढाईमुळे. आपणच आपलं लिहून ठेवलं असतं तर ही थाप पाच दिवस टिकली नसती.

आणि म्हणूनच मास्तरांची एक सवय मला फार आवडली, ते प्रत्येक ठिकाणी वेगळं करून सांगतात की हे दगडावर कोरलंय, हे कागदात आहे, आणि हे माझ्या आजीने सांगितलं. तीनही सांगतात, पण मिसळत नाहीत. गोव्यात मी बऱ्याच गाइड लोकांना ऐकलंय, कुठल्याही विहिरीत भुयार आणि भुयारातनं थेट राजवाडा, असं ऐकून कान किटलेत, इथे तसलं एकही भुयार नाही.

नाश्ता बाजारातल्या एका जुन्या हॉटेलात, पातळभाजी-पाव, मिरची आणि चहा. पाव ताजा होता. भाजी मुलाला तिखट लागली. एवढंच, नाश्त्यासाठी कुणी येऊ नका.

नंतर कांसाराकडे. हा वॉकचा जीव आहे माझ्या मते, आणि इथे पाऊण तास दिला ते योग्यच. डिचोलीची समई गोवाभर नावाजलेली, लग्नात मुलीला देतात ती, मला पण दिलेली, आणि ती कशी होते ते मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. समई अखंड नसते, तळ वेगळा, दांड्याचे तुकडे वेगळे, वरचं वातीचं पात्र वेगळं, सगळं पितळेचं ओतकाम, वाळूच्या साच्यात. मोडीतलं पितळ मुशीत वितळवतात, ओततात, थंड झालं की साचा फोडतात, आणि ओबडधोबड काळपट तुकडा बाहेर येतो. तो हातात घेतला तर यातनं समई होईल असं वाटणारच नाही. मग लेथवर चढवून कातायचा, आणि तेव्हा आतनं सोनं निघाल्यासारखी ती पिवळी चकाकी येते, माझा मुलगा तोंड उघडं टाकून बघत होता. शेवटी आटे पाडून तुकडे एकमेकांत बसवायचे. म्हणून तर समई उघडून घासता येते, माझी आई दर दिवाळीला सगळी सुटी करून चिंचेने घासायची आणि मला ते इतकी वर्षं नुसतं कष्टाचं काम वाटायचं.

तांब्याचं काम वेगळं, ते ठोकायचं. पत्रा घ्यायचा आणि ठोकत ठोकत गोल आणायचा, पण तांबं ठोकलं की कडक होतं आणि चिरतं, म्हणून मधे मधे भट्टीत लाल करून परत मऊ करायचं, परत ठोकायचं. किती वेळा ते कांसाराच्या कानाला कळतं, आवाज बदलला की थांबायचं. आमच्या घरी न्हाणीत तांब्याचं भाण होतं, खाली लाकडं घालून पाणी तापवायचं, ते याच गावात कुणीतरी असं कानाने ठोकलेलं असणार. तिथल्या काकांनी सांगितलं की गीझर आले आणि भाण गेलं, स्टील आलं आणि घागर-कळशी गेली, कल्हईला तर कुणी येतच नाही, समई तेवढी देवाला लागते म्हणून राहिली. मुलगा काय करतो विचारलं तर फार्मा कंपनीत आहे म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पण मला तिथे उभं राहून फार हुरहुर लागली, कारण हे काम पुस्तकात वाचून येणारं नाही, तो आवाज कुठला ते फक्त त्यांना माहीत.

कुंभाराकडे थोडाच वेळ होता, तरी घुमट बघायला मिळालं. गणपतीच्या आरतीला आपण वाजवतो ते मातीचं वाद्य, एका बाजूला मोठं तोंड आणि दुसऱ्या बाजूला लहान, मोठ्या तोंडावर चामडं ताणायचं. पूर्वी घोरपडीचं असायचं, घोरपड कायद्याने संरक्षित म्हणून आता बकरीचं लावतात, आवाजात फरक पडतो म्हणतात जाणकार. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. मुलाने एक वाजवून बघितलं, लहान तोंडावर तळहात झाकला-उघडला की आवाज कसा बदलतो ते कुंभारकाकूंनी त्याला हात धरून शिकवलं.

तिथून गाडीने लामगाव. जांभ्या दगडात कोरलेल्या गुहा, मुळात बौद्ध असाव्यात असं मानतात, नंतर तिथे शिवलिंग आलं, नंदी आला. आत गार आणि शांत. माझं मन तिथे फारसं रमलं नाही, हरवळ्याच्या गुहा मी आधी पाहिल्यात आणि त्या मला जास्त भावतात, पण ग्रुपमधल्या बाकीच्यांना लामगावच सगळ्यात आवडलं, तर हे ज्याचं त्याचं.

नार्वेला मात्र सगळेच गप्प झाले. सप्तकोटीश्वर मूळ दिवाडी बेटावरचा, कदंबांचा कुलदैवत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडलं, लिंग नदीच्या अलीकडे डिचोलीच्या बाजूला आणून ठेवलं भक्तांनी, कारण हा मुलूख तेव्हा पोर्तुगीजांचा नव्हता. डिचोली, पेडणे, सत्तरी या नव्या काबिजादी, अठराव्या शतकाच्या शेवटाला कुठे त्यांच्या हातात गेल्या. म्हणून आमच्याकडे देवळं राहिली आणि तिकडचे देव आमच्याकडे आले. पुढे शिवाजी महाराज आले आणि त्यांच्या आज्ञेने १६६८ च्या नोव्हेंबरात देवळाच्या जीर्णोद्धाराला हात घातला गेला, तो शिलालेख तिथे दारावर आहे. शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार. मास्तरांनी मुलाला ओळीवर बोट धरून वाचायला लावलं, आणि तो वाचू शकला! देवनागरी आहे, आपली आहे, साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहे, आणि म्हापशाच्या इंग्रजी शाळेतला पोरगा अडखळत का होईना वाचतोय, मला तिथे डोळ्यात पाणी आलं ते मी लपवलं नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सरकारने देवळाचं नव्याने केलेलं जतन-काम पूर्ण होऊन ते परत खुलं झालं, काम जुन्या रूपाला धरून केलंय, नाहीतर आजकाल जीर्णोद्धार म्हटलं की सगळीकडे चकचकीत टाइल्स बसतात. पंचगंगेच्या घाटावर गोकुळाष्टमीची जत्रा भरते तेव्हा परत यायचं ठरवलंय.

आता तो कापलेला स्टार.

लामगावहून नार्वेला जाताना मधे गाडी एका जागी थांबते, तिथनं खाणीचे डंप दिसतात, डोंगराएवढे, आता त्यांच्यावर झाडं वाढलीत. मास्तर म्हणाले ही डिचोलीची खाण, लोहखनिज, जपानला आणि नंतर चीनला गेलं, २०१२ मध्ये बंद झालं, चला. दहा मिनिटंही नाही. आणि पुढे सारमानसला जेटीपाशी गाडी नुसती हळू केली.

मी समजू शकते. खाणीबद्दल बोलायला गेलं की गावात दोन तट पडतात, ग्रुपमध्ये पण पडले असते. पण ज्या माणसाने १६८३ इतकं नीट उलगडून सांगितलं त्याने आमच्या बाबांची साठ-सत्तर वर्षं दहा मिनिटांत आटपावी याचं मला लागलं. आज डिचोली जशी आहे, हे रस्ते, ही दुकानं, ही नाटकं, उत्सवाच्या वर्गण्या, कर्ज, गाळाने भरलेली नदी, आटलेल्या विहिरी, यातलं अर्ध्याहून जास्त खाणीने केलेलं आहे, चांगलं आणि वाईट दोन्ही.

माझी आजी, बाबांची आई, सुरुवातीच्या काळात खाणीवर जायची. तेव्हा मशिनं नव्हती, बायका पाटीत भरून डोक्यावरनं खनिज वाहायच्या. महायुद्धानंतर जपानचे पोलाद कारखाने परत उभे राहत होते, १९५० च्या दशकात इथनं जहाजं भरून खनिज तिकडे जाऊ लागलं, आणि त्या खनिजाच्या सुरुवातीच्या पाट्या आमच्या बायकांच्या डोक्यावरनं गेल्यात. खाणींचे परवाने पोर्तुगीजांनी दिलेले, कायमचे, वारसाहक्काने चालणारे. मुक्तीनंतर पण ते तसेच चालले, १९८७ मध्ये संसदेने कायदा करून त्यांचं लीजमध्ये रूपांतर केलं, आणि त्या लीजची मुदत २००७ मध्येच संपली होती असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये ठरवलं. म्हणजे २००७ ते २०१२ या पाच वर्षांत चीनच्या मागणीमुळे जे धावाधाव करून काढलं ते सगळं मुदत संपलेल्या लीजवर. २०१२ च्या बंदीनंतर नूतनीकरण केलेली ८८ लीजं कोर्टाने २०१८ च्या फेब्रुवारीत रद्द केली आणि मार्चमध्ये परत सगळं थांबलं. मग लिलाव झाला आणि डिचोलीची खाण २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली.

हे मी वाचून लिहितेय. बाबा ते जगलेत. त्या दहा मिनिटांत बाबांनी माझ्या मुलाला बाजूला घेऊन डंपाकडे हात करून सांगायला सुरुवात केली की हा डोंगर देवाने केलेला नव्हे, हा आम्ही केलाय. खनिज वर सापडत नाही, आधी वरची माती नि दगड काढायचा, एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती निघते, ती कुठेतरी टाकायची, ती टाकून टाकून हा डंप. पावसात ती खाली येते आणि नदीत जाते, शेतात जाते. टिपरला पैसे ट्रिपवर, म्हणून सगळे पळवायचे, सारमानसला खाली करायचं आणि परत. तिथे बार्जीत, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू बोटीत भरायचं, बार्ज मांडवीतनं मुरगावला, तिथे मोठं जहाज. बाबा म्हणाले मला बार्जीच्या बुडण्यावरनं कळायचं किती भरली, पाणी कुठल्या पट्ट्याला लागलंय ते बघायचं. २०१२ च्या सप्टेंबरात एक दिवस ट्रिपा थांबल्या आणि बाबांचा स्वतःचा टिपर, बँकेचं कर्ज असलेला, घरासमोरच्या फणसाखाली उभा राहिला तो इतका वेळ की चाकांमधे गवत वाढलं. शेवटी मोडीत दिला.

ग्रुपमधले चार-पाच जण सरकत सरकत बाबांच्या भोवती आले होते, पुण्याचा तो मुलगा तर मोबाइलवर टिपून घ्यायला लागला. आणि तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न दिला, नार्वेचं देऊळ दुपारी बंद होईल म्हणून, आणि सगळे गाडीत. बाबा पण बसले. पुढे काही बोलले नाहीत.

मी वॉक संपल्यावर मास्तरांशी हे बोलले, स्पष्ट बोलले. म्हटलं मास्तर, कांसाराच्या कानाला कळतं ते तुम्ही पाऊण तास दाखवलं, मग बार्ज किती बुडली ते नजरेनं ओळखणारी माणसं पण याच गावात आहेत, आणि ती कांसारांपेक्षा जास्त आहेत. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले खाणीवर बोललं की कोण ना कोण दुखावतो आणि मी शिक्षक माणूस, मला भांडण नको. मला ते उत्तर पटलं नाही. वाद आहेत म्हणूनच जो माणूस कागद आणि ऐकीव वेगळं करून सांगू शकतो त्याने ते सांगायला पाहिजे, नाहीतर आमच्यावर परत कुणीतरी बाहेरचा बसून काहीतरी रचून लिहील.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. बाजारात माइक नसल्याने मागच्यांना ऐकू येत नाही, पुढे राहा. नमाजगाहवर सावली नाही, टोपी घ्या. नार्वेला पोचेपर्यंत साडेअकरा वाजतात, ऊन लागतं, उलटा क्रम केला तर बरं, सकाळी नार्वे आणि शेवटी बाजार. देवळात जायचंय तर हाफपँट नको. वयस्कर माणसांना झेपतं, बाबा अडुसष्टचे आहेत, गुडघे दुखतात तरी चढले. पावसात लामगावला निसरडं होत असणार, तेव्हा जपून.

आणि एक, रविवारी कांसाराचं दुकान आपल्या ग्रुपसाठी उघडतात, तिथे घाईत खरेदी करू नका. आम्ही नंतर बुधवारी गेलो, बाजाराच्या दिवशी, बाबांना घेऊन. समई वजनावर मिळते, पाच वातींची घेतली, मुलाच्या हट्टाने. काकांनी ती सगळी उघडून एकेक आटा तपासून परत जोडून दिली. मग बाबा आणि ते दोघं बोलत बसले, काकांचा भाऊ पण टिपरवर होता असं निघालं, बाबांच्याच वेळचा, सारमानसच्या लाइनीत पुढे-मागे उभे राहायचे. मी आणि पोरगा तासभर बाहेर बाजारात फिरून आलो तरी ते दोघं तिथेच.